आयन म्हणजे लोखंड नाही बाप्पा!

मंडळी, गेल्या अंकात अणूच्या पोटात काय काय असतं ते लिहिलं होतं, म्हणजे मधात प्रोटॉन-न्यूट्रॉन आणि बाहेरून इलेक्ट्रॉन, एवढंच. मला वाटलं दोन-चार पोट्टे वाचतील आणि विसरून जातील, तर इकडे पत्रांचा हा ढीग, आणि बहुतेक सगळे एकाच जागी अडकलेले. म्हणून या वेळचं सदर आख्खं त्याच दोन शब्दांवर, आयसोटोप आणि आयन.

मॅडम, आयसोटोप आन आयन यात माझा दरवेळेस घोळ होते. पाठ करतो पण पेपरात उलटंच लिहून येतो. आन आमची आजी म्हणते आयन म्हणजे त्या गोळ्यातलंच आयन. सांगा ना समजून.
— नववीतला विद्यार्थी, दर्यापूर तालुका

अरे बेटा, पहिले आजीचं घेऊ. आशाताई ज्या गोळ्या वाटतात त्यातलं आयर्न, म्हणजे लोखंड. आयन वेगळा शब्द आहे, कोणत्याही मूलद्रव्याचा होऊ शकतो. पण आजीला हसू नको, कारण त्या गोळीत लोखंड असतं ते खिळ्यासारखं नसतं, बहुतेक गोळ्यांमधे ते फेरस सल्फेटच्या रूपात असतं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, म्हणजे आयनच! तर आजी चुकली पण अर्धीच चुकली.

आता तुझा घोळ. तू व्याख्या पाठ करून राहिला, तिथंच गोची आहे. व्याख्या बाजूला ठेव आणि फक्त एक विचार, अणूमधे बदललं काय?

प्रोटॉन म्हणजे सातबारा समज. सोडियमजवळ 11 प्रोटॉन, क्लोरिनजवळ 17, लोखंडाजवळ 26. हा आकडा बदलला की वावर दुसऱ्याचं झालं, मूलद्रव्याचं नावच बदलते. तर प्रोटॉनला हात लावायचा नाही, हे ठरलं. मग उरले दोन. न्यूट्रॉन कमी-जास्त झाले तर आयसोटोप, इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाले तर आयन. झालं.

न्यूट्रॉनला चार्ज नसतो, फक्त वजन असते, म्हणून आयसोटोप वजनाला वेगळे पण वागायला जवळपास सारखे. इलेक्ट्रॉनला वजन जवळजवळ नाहीच, पण एक अणू दुसऱ्याशी कसा वागते, कोणाला चिकटते, हे सगळं इलेक्ट्रॉनच ठरवतात, म्हणून आयन झाला की अणूचा स्वभावच पालटते.

आणि तुमच्या पुस्तकातला मराठी शब्द काय आहे बघ, समस्थानिक. सम म्हणजे सारखं, स्थान म्हणजे जागा. आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, दोघांची जागा एकच, कारण प्रोटॉन तेवढेच. फ्रेडरिक सॉडी नावाच्या शास्त्रज्ञाने 1913 मधे आयसोटोप हा शब्द वापरला, त्याला सुचवला मार्गारेट टॉड या डॉक्टरीणबाईंनी, ग्रीकमधे त्याचा अर्थ एकच जागा. आयन हा शब्द त्याच्याही आधीचा, 1834 चा, फॅरेडे या शास्त्रज्ञाच्या काळातला, आणि त्याचा ग्रीक अर्थ आहे जाणारा, कारण पाण्यात वीज सोडली की हे आयन चालायला लागतात, प्लसवाले एकीकडे मायनसवाले दुसरीकडे. एक जागेवर बसणारा, एक चालणारा. आता नाही होणार घोळ.

पोराचा अभ्यास घेताना मीच अडकले. इलेक्ट्रॉन निघून गेला तर काहीतरी कमी झालं ना, मग मायनस व्हायला पाहिजे, पुस्तकात प्लस का लिहिलं आहे? छपाईची चूक आहे का?
— एक आई, मेहकर

छपाईची चूक नाही वो ताई. आणि तुम्ही एकट्या नाही, मी स्वतः शाळेत असताना दोन वर्षं हे नुसतं पाठ करून ढकललं आहे, कोणी समजावून सांगितलंच नाही.

आपल्याकडे कर्ज काय असते ते कोणाला सांगायची गरज नाही, तर तेच घ्या. सोडियमच्या खिशात 11 रुपये आहेत (ते प्रोटॉन) आणि डोक्यावर 11 रुपयांची उधारी आहे (ते इलेक्ट्रॉन). हिशेब बरोबर, शून्य. आता त्याच्या डोक्यावरची एक रुपयाची उधारी कोणीतरी स्वतःवर घेतली. खिशात 11, उधारी 10. माणूस एक रुपयाने प्लसमधे आला की नाही? काहीतरी गेलं हे खरं, पण जे गेलं तेच मुळात मायनस होतं.

ती उधारी घेतली क्लोरिनने. त्याच्याकडे 17 आणि 17 होते, आता उधारी 18 झाली, तो एक मायनसमधे गेला. तुम्ही म्हणाल असा कोण वेडा दुसऱ्याची उधारी घेते, तर क्लोरिनला बाहेरच्या कक्षेत आठ पाहिजेत आणि त्याच्याकडे सातच असतात, त्यामुळे तो टपूनच बसलेला असते. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन लोंबकळत असते, त्याला तो जड झालेला. (उधारीचं उदाहरण इथपर्यंतच चालते, याच्या पुढं ताणू नका, नाहीतर व्याज कुठं आहे म्हणून पोरगं विचारंल.)

आता गंमत बघा. सोडियम धातू रॉकेलमधे बुडवून ठेवावा लागते, पाण्यात टाकला तर भडकते. क्लोरिन वायू पहिल्या महायुद्धात 1915 मधे माणसं मारायला सोडला होता. आणि दोघांमधे एका इलेक्ट्रॉनची देवघेव झाली की तयार होते ते मीठ आपण वरणात टाकतो! प्रोटॉन तेच, न्यूट्रॉन तेच, फक्त एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडं. स्वभाव पालटते म्हटलं ते हे असं.

क्लोरिनचं अणुवस्तुमान 35.5 कसं? अर्धा न्यूट्रॉन असतो का?
— दहावीतली विद्यार्थिनी, आर्वी

अर्धा नसते. बाजारात चार बकऱ्या आहेत, तीन 35 किलोच्या आणि एक 37 ची. बेरीज 142, भागिले चार, साडेपस्तीस. पण साडेपस्तीसची बकरी त्या बाजारात एकही नाही. क्लोरिनचं तसंच, निसर्गात साधारण चारातले तीन अणू 35 वजनाचे (17 प्रोटॉन अधिक 18 न्यूट्रॉन) आणि एक 37 चा (20 न्यूट्रॉन).

आमच्या गावात आरओवाला येतो, पाण्यात मीटर बुडवते, आन म्हणते बोअरचं पाणी खराब. उकळून पिलं तर चालंल का? आमच्याकडं पोरांच्या दातावर पिवळे डाग आहेत, फ्लोराइड म्हणतात. आन मोबाइलवर आलं होतं का फ्लोराइड किरणोत्सर्गी असते, खरं आहे का?
— शेतकरी, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

भाऊ, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि चारही कामाचे.

सगळ्यात सोपं आधी. फ्लोराइड किरणोत्सर्गी नाही. फ्लोराइड म्हणजे एक जास्तीचा इलेक्ट्रॉन घेतलेला फ्लोरिन, म्हणजे आयन. किरणोत्सर्ग हा केंद्रकाचा, म्हणजे मधातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या गोळ्याचा मामला, आयन होणं हा बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा मामला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आणि फ्लोरिनचा तर निसर्गात सापडणारा आयसोटोप एकच आहे, फ्लोरिन-19 (19 म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून आकडा), आणि तो एकदम स्थिर. ज्याने तो मेसेज लिहिला त्याने हे दोन धडे एकात कालवले.

पण किरणोत्सर्गी नाही म्हणजे निर्धोक आहे असं नाही, हे लक्षात घ्या. यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांमधे जमिनीखालच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी मिळतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. त्याच्या वर वर्षानुवर्षं पिलं तर लहानपणी दात डागाळतात आणि पुढं हाडं-सांधे आखडतात.

आता उकळायचं. उकळून जंतू मरतात, आयन मरत नाही, कारण तो जिवंतच नाही! पाण्याची वाफ होते आणि आयन भांड्यात राहतो. म्हणजे दोन लिटरचं दीड लिटर होईपर्यंत उकळलं तर उरलेल्या पाण्यात फ्लोराइड उलट दाट झालं. जंतूंसाठी उकळा, फ्लोराइडसाठी नाही.

मीटरचं ऐका. तो टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून) खरं तर पाण्यातून वीज किती जाते तेवढंच मोजते, आणि पाण्यातून वीज नेतात आयन. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, सगळे मिळून एक आकडा. घरी करून बघा, आरओच्या पाण्यात साखर विरघळवा, मीटर जागचा हलणार नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. मग चिमूटभर मीठ टाका, आकडा कुठल्या कुठं जाईल. म्हणून तो माणूस तुमच्या पाण्यात मीटर बुडवून "खराब" म्हणते तेव्हा त्याला विचारा, कशामुळं खराब? टीडीएस लिटरमागे 400 मिलिग्रॅम आला तर तो 500 च्या मर्यादेत बसते, पण त्या 400 मधे फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम आहे का तीन, हे मीटरला कळतच नाही. मीटरवर पाणी पास आणि फ्लोराइडमधे नापास, असं होऊ शकते. आणि उलटंही होऊ शकते. फ्लोराइडची टेस्ट वेगळी असते, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागते, ग्रामपंचायतीमार्फत द्या, मागं लागा. मीटर दाखवून मशीन विकणाऱ्यांवर माझा राग आहे, लपवत नाही.

आरओच्या पडद्यातून बहुतेक आयन अडतात, फ्लोराइडही, ते खरं. पण दुसरेही उपाय आहेत. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली नलगोंडा पद्धत आहे, तिच्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून टाकतात आणि फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात. मोजून म्हटलं हे ध्यानात ठेवा, मापाशिवाय घरी तुरटी ढकलत बसू नका.

जिप्सम टाका जिप्सम टाका सगळे सांगतात, पण वावरात जिप्सम करते काय हे कोणी सांगत नाही. आमची जमीन खारपाणपट्ट्यात आहे.
— शेतकरी, अकोट तालुका

दादा, हा प्रश्न मला या वेळचा सगळ्यात आवडला, कारण याचं उत्तर शंभर टक्के आयनमधे आहे.

काळ्या मातीचा बारीक कण मायनस चार्जचा असते. म्हणून तो प्लसवाले आयन धरून ठेवते, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, जे येईल ते. (युरियाचं मातीत नायट्रेट होते, ते मायनस आहे म्हणून माती त्याला धरत नाही, आणि जोराच्या पावसात युरियाचा पैसा खाली वाहून जाते तो असा.) आता पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या तुमच्या पट्ट्यात, माती-पाण्यात सोडियम भरपूर. मातीच्या कणाभोवती सोडियम बसला की कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात, बारीक भुकटी होऊन सगळी छिद्रं बुजवतात. मग पाऊस आला की पाणी मुरत नाही, वावर चिबडते, आणि ऊन पडलं की दगड. तुम्ही हे डोळ्यानं बघता, मी फक्त आत काय होते ते सांगून राहिले.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियमच्या आयनवर दोन प्लस, सोडियमवर एकच. दोन हाताचा माणूस एका हातवाल्याला ढकलून जागा घेते तसा कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून उठवते. कण पुन्हा जवळ येतात, ढेकूळ पोकळ होते, पाणी मुरते. सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत जायला पाहिजे, म्हणून जिप्सम टाकलं आणि चर काढला नाही तर अर्धं काम झालं, सोडियम तिथंच फिरत राहते. किती टाकायचं ते माती परीक्षणाच्या रिपोर्टवरून ठरवा, शेजाऱ्याला विचारून नको.

घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवता ना, तेही हेच. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन प्लस, मातीचे मायनस कण त्याच्याभोवती गोळा होऊन तळाशी बसतात.

बाबांना नागपूरला कोबाल्टची शेक देऊन राहिले. घरी आल्यावर नातवंडांना जवळ घेऊ देत नाही आम्ही. बरोबर करतो ना?
— एक मुलगी, गडचिरोली जिल्हा

नाही ताई. घेऊ द्या जवळ, आजच.

कोबाल्टची शेक म्हणजे गाठीवर किरणं सोडायचा उपचार, आणि त्यातला कोबाल्ट-60 हा आयसोटोप आहे. साधा कोबाल्ट म्हणजे 59, त्याला अणुभट्टीत एक न्यूट्रॉन जास्तीचा दिला की 60 होते आणि तो अस्थिर, त्यातून गॅमा किरणं निघतात. हा कोबाल्ट मशीनच्या जाड कवचात बंद असते, बाबांच्या अंगात जात नाही. ठरलेल्या वेळापुरतं झाकण उघडते, किरणं गाठीवर पडतात, झाकण बंद. टॉर्चच्या उजेडात उभा राहिलेला माणूस नंतर अंधारात चमकत नाही, तसंच. बाबांच्या अंगातून काही निघत नाही. आता बऱ्याच ठिकाणी विजेवर चालणारी मशीन आली आहे, तिच्यात तर आयसोटोपही नसते. (कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत अर्धा होते, म्हणून स्रोत बदलत राहावा लागते.)

वेगळं कुठं असते ते पण सांगते. थायरॉइडसाठी आयोडीन-131 पोटात देतात तेव्हा औषध शरीराच्या आत असते, तिथं काही दिवस लेकरांपासून आणि गरोदर बाईपासून दूर राहायला सांगतात, आणि ते पाळायचंच. तुम्हाला शंका असली तर डॉक्टरला एवढंच विचारा, किरणं बाहेरून देता का औषध आतून?

याच्याच जोडीला एका भाऊंनी विचारलं होतं की टॅग-24 भुईमूग रेडिएशनचा आहे, खायचा का. खा बिनधास्त. टॅगमधला ट म्हणजे ट्रॉम्बे आणि अ म्हणजे आपलं अकोला, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं मिळून केलेलं वाण. किरणांचा मारा झाला तो फार पूर्वी, मूळ बियाण्यावर, गुण बदलावे म्हणून. तुमच्या शेंगेत किरण-बिरण काही नाही. टीएयू-1 उडीदही त्याच घरचा.

लोणारला सहल गेली होती. एक जण म्हणे सरोवर 50 हजार वर्षांचं, दुसरा म्हणे साडेपाच लाखाच्या वर. कोणाचं खरं, आणि यांना कळते कसं?
— अकरावी सायन्स, रिसोड

दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच आहेत. आधी एका वेगळ्या पद्धतीने वय निघालं होतं साधारण 52 हजार. मग 2011 साली आर्गॉनच्या आयसोटोपवरून मोजलेलं वय छापून आलं, सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं, 47 हजार इकडं-तिकडं. माझा कौल दुसऱ्याला, आणि का ते बघ.

खडकात पोटॅशियम असते, आयन बनून बसलेलं, बाकीच्यांसोबत बांधलेलं. त्यातला अगदी थोडा हिस्सा, 10 हजारात एखादा अणू, पोटॅशियम-40 असते. तो हळूहळू फुटते, 125 कोटी वर्षांत अर्धा, आणि त्यातल्या काहींचा आर्गॉन-40 होते. म्हणजे इथं प्रोटॉनच बदलला, 19 चे 18, सातबारा दुसऱ्याच्या नावावर! आणि आर्गॉन हा असा वायू आहे की तो कोणाला इलेक्ट्रॉन देत नाही, कोणाचा घेत नाही, आयन व्हायचं नाव नाही, त्यामुळे खडकात त्याला कोणी बांधून ठेवत नाही, नुसता कोंडलेला असते. उल्का आदळली, खडक वितळला, कोंडलेला आर्गॉन उडून गेला, घड्याळ शून्यावर. खडक थंड झाल्यावर पुन्हा जमायला लागला. आता किती जमला ते मोजायचं. जुना आर्गॉन थोडा राहून गेला तर वय चुकते, म्हणून ते लोक काळजीपूर्वक तेही तपासतात.

कार्बन-14 का नाही लावला म्हणून विचारशील. त्याचे अणू 5730 वर्षांत अर्धेच उरतात, 50 हजारांच्या पुढं मोजायला काही उरतच नाही, आणि तो जे कधी जिवंत होतं त्यालाच लागते. लोणारचा बेसाल्ट खडक काय झाड होतं का!

जाता जाता, तुझ्या अंगातही पोटॅशियम-40 आहे, मोठ्या माणसात सेकंदाला चार हजारांच्या वर अणू फुटून राहिलेले असतात. आणि गोदामातल्या 50 किलोच्या पोटॅशच्या पोत्यात सात लाखांच्या वर. घाबरू नको, पोत्याशेजारी आजोबा दुपारी झोपतात आणि ठणठणीत आहेत, हेच तर सांगायचं होतं.

चाचणीत प्रश्न होता, "एकच अणू आयसोटोप आणि आयन दोन्ही असू शकतो का?" मी हो लिहिलं, सरांनी मार्क कापला.
— नववी, मूर्तिजापूर

तुझं बरोबर आहे बेटा. मिठातला क्लोरिन घे, चारातला एक 37 चा, आणि मिठात आहे म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतलेला. प्रोटॉन 17, न्यूट्रॉन 20, इलेक्ट्रॉन 18. हे तीन आकडे कागदावर मांडून सरांना दाखव, भांडू नको, "सर, हे जरा तपासून देता का" एवढंच म्हण. आणि मार्क मिळाला का नाही ते मला कळव.